डाबोळीचे ससाणे
समुद्रावर आगाऊ इशारा देणाऱ्या एका विमानतुकडीची हकिकत

पहारेकऱ्याच्या नोकरीइतकी बिनशाबासकीची नोकरी जगात दुसरी नसेल. चोरी झाली तर सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात, आणि वर्षानुवर्षे चोरी झालीच नाही, तर मालक हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून विचारतो, "याला आपण पगार कशाचा देतो?" आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटीत प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी असा एक जण खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्या जागरणाची किंमत काय, हे ज्या रात्री तो नसतो त्याच रात्री कळते.

मी ज्या पहारेकऱ्याची हकिकत सांगणार आहे तो फाटकाशी बसत नाही. तो समुद्रावर तीन हजार मीटर उंच जाऊन उभा राहतो. भारतीय नौदलाची ३३९ क्रमांकाची विमानतुकडी म्हणजे हा पहारेकरी. गोव्यात डाबोळीला नौदलाचा 'हंस' नावाचा विमानतळ आहे, तेथे एप्रिल २००३ मध्ये ती स्थापन झाली. 'फाल्कन्स', म्हणजे ससाणे, हे तिचे टोपणनाव. पण ससाणा झडप घालतो. ही तुकडी झडप घालीत नाही. ती फक्त पाहते, आणि पाहिलेले सांगते. तिच्या नावावर बुडवलेल्या बोटी नाहीत, की पाडलेली विमाने नाहीत. तरीसुद्धा तिच्यावाचून विमानवाहू नौका समुद्रावर नेणे म्हणजे डोळे बांधून हमरस्ता ओलांडणे होय. हे असे का, ते समजून घ्यावयाचे तर आधी थोडे जमिनीवरच राहिले पाहिजे.

पृथ्वीचा बाक

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'चे दिवस होते. वागळे इस्टेटीत ज्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर उभी हयात काढली, तेथे जेवणाच्या सुटीत दुसरा विषयच नसे. एक आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा मला म्हणाला, "काका, ती पाठीवर परात घेतलेली विमाने दाखवतात ना, त्या परातीत रडार असते म्हणतात. पण रडार जमिनीवरही असतेच की! मग ते उचलून आकाशात न्यायचे कशाला?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. उत्तरासाठी मी त्याला आमच्या इस्टेटीच्या पाठीशी उभा असलेला मामा-भांजे डोंगर दाखवला. किसननगरच्या गल्लीत उभे राहिले तर समोरच्या इमारतीपलीकडचे काही दिसत नाही. तोच माणूस मामा-भांजेच्या माथ्यावर चढला, की इस्टेटीची पत्र्यांची छपरे, ठाण्याची खाडी, पलीकडचे कळवे आणि पारसिकची रांग, सगळे एका नजरेत येते. डोळे तेच, नजर तीच. वाढली ती उंची.

रडारचेही असेच आहे. ते रेडिओलहरींचा झोत सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी टिपते. लहरी साधारणपणे सरळ जातात, आणि पृथ्वी तर वाकलेली. समुद्रावर पारसिकसारखा डोंगर नसतो हे खरे, पण तेथे समुद्रच डोंगराचे काम करतो. पाण्याला बाक असतो, आणि त्या बाकाच्या आड दडून येणारी वस्तू बोटीवरच्या रडारला दिसत नाही.

याचे गणित फार सोपे आहे. रडारची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला चाराने, काटेकोर बोलायचे तर ४.१२ ने गुणावे. रडारचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते निघते. बोटीच्या डोलकाठीवर पंचवीस मीटर उंचीवर रडार असेल, तर त्याचे क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर. पाण्यापासून पाच मीटरवरून सरपटत येणारे क्षेपणास्त्र दिसेल, तेव्हा ते जेमतेम तीस किलोमीटरवर आलेले असणार. त्याचा वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे हाताशी उरले शंभर सेकंद. ठाण्याहून सुटलेली लोकल कळव्याला पोचायला याहून जास्त वेळ घेते. या शंभर सेकंदांत ओळखायचे, कळवायचे, ठरवायचे आणि मारायचेही.

आता तेच रडार तीन हजार मीटरवर न्या. क्षितिज सव्वादोनशे किलोमीटरवर जाते. क्षेपणास्त्र घेऊन पाण्यालगत येणारे विमान शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असतानाच दिसू लागले, तर त्याला तेवढे अंतर तोडायला सातआठ मिनिटे लागतात. शंभर सेकंदांच्या जागी आठ मिनिटे! तेवढ्यात आपली लढाऊ विमाने डेकवरून उठू शकतात, आणि शत्रूला क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वीच गाठू शकतात. उंचावरच्या रडारची सारी कमाई ही एवढीच आहे: काही मिनिटे.

आपल्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, पण मर्म ठाऊक होते. उगाच का गडागडांवर टेहळणीचे बुरूज बांधले, आणि उगाच का गलबताच्या डोलकाठीवर माणूस चढवला?

न दिसलेला मारेकरी

हे सारे नुसते वहीतले हिशेब नव्हेत. त्यांची किंमत माणसांनी मोजली आहे, आणि एका प्रसंगी ती आपल्या नौदलाने शत्रूला मोजायला लावली.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या आपल्या तीन लहानशा क्षेपणास्त्र-बोटी कराचीच्या दिशेने घुसल्या. 'निर्घात'ने पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका टिपली. 'खैबर'वर पहिले क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा तिने जो संदेश पाठवला त्यात 'शत्रूच्या विमानाने हल्ला केला' असे कळवले होते. आकाशातून एक तेजस्वी ठिपका येताना दिसला, तो विमानाचा असे त्यांना वाटले. काय चालून आले आणि कोणी मारले, हे न कळताच ती बोट बुडाली. आपल्या आरमाराच्या इतिहासातले हे सोनेरी पान. कराचीच्या त्या स्वारीवरून आपण ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून पाळतो. पण या पानाच्या पाठीमागे एक धडाही लिहिलेला आहे: जो आधी दिसत नाही तो मारतो, आणि ज्याला दिसत नाही तो मरतो. त्या रात्री हा धडा आपल्या बाजूचा होता. तो उलटायला कितीसा वेळ लागतो?

एका नौकेचे तीन जन्म

याचे उत्तर एका अशा नौकेच्या चरित्रात सापडते, जी मुंबईकरांनी आणि ठाणेकरांनी गेटवेच्या धक्क्यावरून डोळे भरून पाहिलेली आहे. तिचे शेवटचे नाव 'विराट'. पहिले नाव होते 'हर्मिस'.

उंचावरून रडारने पाहण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धातली. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाने 'कॅडिलॅक' या गुप्त नावाखाली ॲव्हेंजर विमानाच्या पोटाशी एक रडार बसवण्याचे काम हाती घेतले. जपानचे आत्मघातकी वैमानिक अमेरिकन बोटींवर विमानांसकट कोसळू लागले, तेव्हा या कामाची निकड सर्वांनाच पटली; पण ही विमाने लढाईत उतरण्यापूर्वीच युद्ध संपले. त्या रडारचे नाव एपीएस-२०. पुढे ब्रिटिशांनीही ते घेतले. त्यांच्या नौदलाची ८४९ क्रमांकाची तुकडी १९५० च्या दशकात स्कायरेडर विमानांतून आणि १९६० पासून गॅनेट विमानांतून हेच रडार वाहू लागली. या तुकडीची रीत मोठी लक्षात ठेवण्याजोगी होती. मुख्य ठाणे जमिनीवर असावयाचे, आणि प्रत्येक विमानवाहू नौकेवर तिची चारसहा विमानांची एक लहान फळी जावयाची. १९५९ मध्ये सेवेत आलेल्या 'हर्मिस'वरही साठीच्या दशकात ही गॅनेट विमाने होती. पहिल्या जन्मात या नौकेला डोळे होते.

मग काटकसरीचा काळ आला. १९७० नंतर 'हर्मिस'चे रूपांतर सैनिक वाहणाऱ्या नौकेत झाले आणि विमाने फेकणारी तिची कॅटापल्ट यंत्रे काढून टाकण्यात आली. गॅनेटला कॅटापल्टशिवाय उडता येत नसे. 'आर्क रॉयल' ही मोठी नौका तेवढी उरली. १९७८ च्या अखेरीस तीही निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर गॅनेट विमाने गेली. हिशेबाच्या वहीवर बोट ठेवणारा मालक तो हाच! आता मोठे युद्ध होणार ते युरोपात, किनाऱ्यालगत. तेथे जमिनीवरची विमाने मदतीला असतीलच, असा तो हिशेब होता.

युद्ध झाले ते दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटांपाशी, घरापासून हजारो किलोमीटर दूर. १९८२ च्या त्या युद्धात ब्रिटिश काफिल्याची ध्वजनौका होती 'हर्मिस'. दुसऱ्या जन्मात तिच्यावर सी हॅरियर विमाने होती, शूर वैमानिक होते, डोळे नव्हते. उंचावरचे डोळे नाहीत म्हणून विनाशिकांनाच काफिल्याच्या पुढे, फाटकावरच्या पहारेकऱ्यांसारखे उभे केले होते. ४ मे रोजी अर्जेंटिनाची दोन सुपर एतांदार विमाने पाण्यालगत उडत आली. त्यांना ब्रिटिश बोटींचा ठावठिकाणा सांगत होते एक जुनेपुराणे नेपच्यून विमान. नशिबाची थट्टा अशी, की ब्रिटिश नौदलाने ज्या जातीचे रडार चार वर्षांपूर्वी गमावले, त्याच जातीचे रडार त्या म्हाताऱ्या नेपच्यूनमध्ये होते. एतांदार विमानांनी एक्झोसेट क्षेपणास्त्रे सोडली आणि पाठ फिरवली. त्यांपैकी एक 'शेफील्ड' या विनाशिकेवर आदळले. वीस माणसे गेली. जळालेली बोट ओढून नेत असताना १० मे रोजी बुडाली. त्या दिवशी 'शेफील्ड'वर इतरही काही उणिवा होत्या, हे चौकशीत पुढे आले. पण उंचावरून कोणी आठ मिनिटे आधी हाक दिली असती, तर त्या उणिवा भरून काढायला वाव मिळाला असता.

त्यानंतर इंग्लंडात जी धावपळ झाली ती कारखान्यात काम केलेल्या माणसाने वाचावी अशीच आहे. वेस्टलँड कंपनीच्या सी किंग हेलिकॉप्टरच्या कुशीला एक सर्चवॉटर रडार टांगण्यात आले. त्यावर हवा भरून फुगवण्याचा कापडी घुमट बसवला. उतरताना तो घुमट वर वळायचा, उडाल्यावर खाली यायचा. अवघ्या अकराएक आठवड्यांत अशी दोन हेलिकॉप्टरे तयार झाली. ती घेऊन 'इलस्ट्रियस' नौका निघाली तेव्हा ऑगस्ट १९८२ उजाडला होता, आणि युद्ध तर १४ जूनलाच संपले होते. पण एक मोठी गोष्ट सिद्ध झाली: कॅटापल्ट नसलेल्या नौकेलाही हेलिकॉप्टरच्या रूपाने डोळे लावता येतात.

'हर्मिस'चा तिसरा जन्म आपल्याकडचा. १२ मे १९८७ रोजी ती 'विराट' या नावाने भारतीय नौदलात आली. डेक तीच, पुढचे उचललेले नाकाडही तेच, आणि फॉकलंडमधली उणीवही तीच! आपल्या 'विक्रांत'वर १९६१ पासून आलिझे विमाने होती आणि त्यांच्या पोटात रडारही होते. पण त्यांचे मुख्य काम पाणबुड्या हुडकण्याचे. शिवाय त्यांनाही कॅटापल्ट लागे. 'विराट'ला स्वतःचे उंचावरचे डोळे मिळाले ते त्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी.

अरक्कोणम

या सोळा वर्षांत आपण स्वस्थ बसलो होतो, असे मात्र नाही. हे डोळे घरी घडवण्याचा खटाटोप आपल्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकातच आरंभला होता. हवाई दलाचे एक ॲव्रो विमान घेतले, त्याच्या पाठीवर खांब उभारून फिरती तबकडी बसवली आणि चाचण्या चालू केल्या. १९९१ मध्ये बंगळूरला या कामासाठी संरक्षण संशोधन संघटनेचे एक स्वतंत्र केंद्र निघाले. थोड्या पैशांत, जुन्या विमानावर, कोणी शिकवायला नसताना ही माणसे काम करीत होती.

११ जानेवारी १९९९ रोजी तमिळनाडूत अरक्कोणमच्या नौदल विमानतळाजवळ ते विमान कोसळले. पाठीवरची तबकडी हवेतच निखळली. विमानातील आठही जण ठार झाले; त्यांत शास्त्रज्ञ होते, तसेच सेनादलांचे अधिकारीही होते. विमान गेले, माणसे गेली आणि पुढे तो प्रकल्पही गुंडाळला गेला.

ही बातमी मी वर्कशॉपमध्ये वाचली होती. लेथवर काम करणाऱ्याला फिरत्या वजनाची भीती सांगावी लागत नाही. चकमध्ये जॉब तसूभर बाजूला धरला गेला, तरी सगळे मशीन थरथरू लागते. आणि वेग वाढवावा तसतशी ती थरथर पायांतून डोक्यात चढते. आमच्या मशीनला निदान जमिनीत सिमेंटचा पाया असतो. ही माणसे तर वाऱ्याच्या झोतात, उडत्या विमानाच्या पाठीवर तबकडी फिरवीत होती, आणि त्या तबकडीच्या खाली स्वतः बसून आकडे टिपीत होती. रणांगणावर पडलेल्यांची नावे आपण शिळेवर कोरतो. चाचणीत पडलेलेही त्याच मापाचे वीर असतात, हे आपल्या ध्यानात फारसे येत नाही.

ससाण्यांची तुकडी

त्याच १९९९ साली नौदलाने रशियाकडे चार कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांची मागणी नोंदवली. २००१ मध्ये आणखी पाचांची आणि २००९ मध्ये पुन्हा पाचांची. पहिली हेलिकॉप्टरे आली आणि एप्रिल २००३ मध्ये डाबोळीला ३३९ क्रमांकाची तुकडी उभी राहिली.

डाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी बांधलेला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत आपल्याच हवाई दलाने त्याच्या धावपट्टीवर बाँब टाकले होते. नौदलाचा 'हंस' तळ त्याच वर्षी कोईमतूरजवळ सुलूरला स्थापन झाला, आणि १९६४ मध्ये तो डाबोळीला हलला. तेव्हापासून विमानवाहू नौकांच्या तुकड्यांचे हे माहेर. आलिझे येथलीच, सी हॅरियर येथलीच; त्यांच्या पंक्तीला कामोव्ह येऊन बसले.

कामोव्ह-३१ हे दिसायला देखणे यंत्र नव्हे. एकावर एक असे दोन पंखे एकाच दांड्याभोवती उलटसुलट फिरतात, त्यामुळे शेपटीला लहान पंखा लागत नाही. शेपूट आखूड, अंग बुटके. नौकेच्या चिंचोळ्या हँगरमध्ये ते सहज मावते. त्याची खरी करामत पोटाखाली आहे. तेथे सहा मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी एक सपाट फळी दुमडून ठेवलेली असते. उडून उंची गाठली, की चाके वर ओढून घेतली जातात, म्हणजे रडारच्या झोताला आडकाठी नको. मग ती फळी खाली लोंबते आणि दहा सेकंदांना एक असे संथ फेरे घालू लागते. फळी म्हणजेच रडार. तिला लढाऊ विमान शंभर ते दीडशे किलोमीटरवरून दिसते. बोटी त्याहूनही लांबून दिसतात. पाहिलेले सारे रेडिओच्या दुव्यावरून खाली नौकेवर जाते आणि तेथल्या पडद्यावर ठिपके उमटतात. कोणता ठिपका आपला, कोणता परका आणि कोणावर कोणी धावून जायचे, हे ठरवणारे अधिकारी नौकेवर बसलेले असतात.

वर हेलिकॉप्टरात माणसे मोजून दोन. सुमारे अडीच तास ते आकाशातल्या एका लहानशा तुकड्यात येरझारा घालीत राहतात. खाली नौका पाण्यावर सुपारीएवढी दिसत असेल. इंधन संपत आले, की दुसरे हेलिकॉप्टर जागा घ्यायला येते. रात्रपाळी केलेल्या माणसाला या कामातली खरी मेहनत कळेल. हातोडा मारण्यापेक्षा कठीण असते ते काहीच होत नसताना जागे राहणे.

ब्रिटिशांच्या ८४९ प्रमाणेच या तुकडीचेही घर जमिनीवर आणि काम पाण्यावर. तिची हेलिकॉप्टरे 'विराट'वर गेली, 'तलवार' वर्गाच्या फ्रिगेटांवर गेली, आणि २०१३ मध्ये नौदलात आलेल्या 'विक्रमादित्य'वरही गेली. 'विराट'च्या डेकवर पहिले कामोव्ह-३१ टेकले, तेव्हा एका नौकेच्या चरित्रातले वर्तुळ पुरे झाले. साठीच्या दशकात तिला डोळे होते. सत्तरीत ते काढून घेतले. ऐंशीत त्यांच्यावाचून ती युद्धात उतरली. आणि एकविसाव्या शतकात, दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली, ते तिला परत मिळाले. ६ मार्च २०१७ रोजी 'विराट' निवृत्त झाली. सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून ओढीत अलंगला मोडीसाठी नेले, तेव्हा तिला निरोप द्यायला माणसे गेटवेपाशी उभी होती. त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल, की या पोलादी म्हातारीने डोळस आणि आंधळे असे दोन्ही जन्म भोगले होते?

विकतचे डोळे आणि घरचे डोळे

एवढे सगळे ऐकून वर्कशॉपमधला तो पोरगा म्हणाला, "मग काका, विकत मिळत होती तर आपल्या माणसांचा जीव कशाला धोक्यात घातला? आधीच आणायची होती."

या प्रश्नाचे उत्तर आमच्या इस्टेटीत शोधायला फार लांब जावे लागत नाही. मी काम केले त्या वर्कशॉपमध्ये एकदा परदेशी बनावटीचे मोठे मशीन आले होते. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. दोन वर्षांनी त्याचे एक बेअरिंग गेले, आणि ते साता समुद्रापलीकडून येईपर्यंत चार महिने मशीन झाकून ठेवावे लागले. शेजारचे जुने देशी लेथ मात्र रात्रंदिवस चालू होते; कारण ते आम्ही उलगडून पाहिलेले होते. विकत घेतलेली वस्तू आपली होते ती पावतीने नव्हे; ती उलगडून परत जुळवता आली, की मग आपली होते.

तरी घाईच्या वेळी विकत घ्यावेच लागते, हेही तितकेच खरे. हवाई दलाने रशियाचे इल्यूशिन विमान आणि त्यावर इस्राएलचे फाल्कन रडार असा मेळ घालून तीन मोठी विमाने घेतली. २००४ मध्ये करार झाला, मे २००९ मध्ये पहिले विमान आले. (या 'फाल्कन'चा आमच्या ससाण्यांशी नावापुरताच संबंध!) आग्र्याला त्यांची ५० क्रमांकाची तुकडी झाली. इकडे बंगळूरच्या केंद्रातील माणसे अरक्कोणमनंतर पुन्हा कामाला बसली. या खेपेस त्यांनी फिरती तबकडीच नको म्हटले. ब्राझीलच्या एम्ब्रेअर विमानाच्या पाठीवर त्यांनी एक लांब, स्थिर पेटी बसवली. तिच्या दोन्ही अंगांना शेकडो लहान लहान घटक, आणि त्यांतून निघणारा झोत विजेच्या इशाऱ्याने हवा तिकडे वळवावयाचा. हलणारे काहीच नाही. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी ते 'नेत्र' विमान हवाई दलाच्या हाती दिले गेले, आणि दोनच वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोटच्या कारवाईत त्याने पहारा केला. अरक्कोणम ते 'नेत्र', मध्ये अठरा वर्षे गेली. त्या आठ जणांचे काम कोणीतरी उचलून पुरे केले, एवढे समाधान आपण मानू शकतो.

समुद्रावर मात्र 'नेत्र'सारखे विमान नौकेच्या डेकवरून उडवता येत नाही. 'विक्रमादित्य' काय, किंवा २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात आलेली आपली स्वदेशी 'विक्रांत' काय, दोघींनाही कॅटापल्ट नाही. अमेरिकेच्या नौदलाचे हॉकआय हे रडारवाहू विमान कॅटापल्टच्या जोरावर उडते. म्हणून आपल्या काफिल्यासोबत जाणाऱ्या डोळ्यांचा भार कामोव्हसारख्या हेलिकॉप्टरवरच पडला. हेलिकॉप्टर विमानाइतके उंच जात नाही आणि तेवढा वेळ थांबतही नाही. भाकरी नाही म्हणून कोंडा खाणे नव्हे हे. पण पोटभर जेवणही नव्हे.

आणि हे डोळे जपावे लागतात. जो आधी पाहतो त्यालाच आधी फोडावे, हे शत्रूलाही कळते. ऑगस्ट २०१२ मध्ये पाकिस्तानच्या कामरा तळावर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हा तेथे असे एक रडारवाहू विमान जळाले. २०२४ च्या जानेवारीत आणि फेब्रुवारीत रशियाची दोन ए-५० विमाने पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले; आपल्या आग्र्याच्या विमानांची ही सख्खी भावंडे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या हवाई दलप्रमुखांनी सांगितले, की मे महिन्याच्या लढाईत पाकिस्तानचे एक मोठे विमान सुमारे तीनशे किलोमीटरवरून पाडले गेले, आणि ते टेहळणीचे किंवा आगाऊ इशाऱ्याचे होते. पहारेकऱ्याची खुर्ची आता फार सुरक्षित राहिलेली नाही.

म्हणून अशा तुकडीचा इतिहास लिहिणाऱ्याची मोठी पंचाईत होते. तिच्या विजयांची यादी करता येत नाही. कारण तिचा विजय म्हणजे न घडलेली घटना. जे क्षेपणास्त्र सुटलेच नाही आणि जी नौका जळालीच नाही, त्यांची तारीख कोणत्या पंचांगात शोधायची? तिचे मोल काढावयाचे तर 'शेफील्ड'वरची वीस माणसे आणि अरक्कोणमची आठ माणसे मोजावी लागतात. पहिली डोळे नव्हते म्हणून गेली, दुसरी डोळे घडवताना गेली.

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण गोव्याला जातील. काहींचे विमान मोप्याला उतरेल, काहींचे डाबोळीला. डाबोळीची धावपट्टी नौदलाची आहे. आपण तिचे पाहुणे. तेथे फोटो काढू नका म्हणून सांगतील, तर काढू नका. पण खिडकीतून पाहायला कोणाची मनाई नाही. कडेला करड्या रंगाचे, बुटके, एकावर एक दोन पंख्यांचे एखादे हेलिकॉप्टर उभे दिसले, तर पोराबाळांना एवढेच सांगा: हे लढत नाही, हे जागते. आणि हे जागे राहते म्हणून शेकडो घरचे मुलगे समुद्रावर बिनघोर झोपू शकतात.